प्रतापचा हलता पाय

प्रताप एका जागी बसला तरी त्याचा उजवा पाय कधी बसला नाही. टाच वर, टाच खाली, वर, खाली. जेवताना, अभ्यास करताना, मोठी माणसं रागावत असताना सुद्धा. त्याची आई, म्हणजे माझी लीलावती काकी, त्याच्या गुडघ्यावर चापट मारून म्हणायची, "पाय हलवू नको मेल्या, घरात दळिद्र येतं." दळिद्र आमच्या घरात आधीच मुक्कामाला होतं, त्यामुळे त्या धमकीला तो कधी घाबरला नाही.

आम्ही चुलत भाऊ. संगमनेर तालुक्यातले साळवे. एकच आजोबा आणि एकच विहीर, पण धर्म दोन. माझ्या वडिलांनी छप्पन्न सालच्या वाऱ्यात दीक्षा घेतली. धाकटा भाऊ, प्रतापचा बाप, त्याच्या आधीच मिशनच्या बोर्डिंगात शिकून कॅथलिक झालेला. दोघांनी एकमेकांना वेड्यात काढलं आणि बांध मात्र कधी हलवला नाही. आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या घरी क्रूस, मधे एक भिंत. ती इतकी पातळ होती की त्यांची जपमाळ आम्हाला पाठ आणि आमची वंदना त्यांना.

प्रताप धर्मगुरू व्हायला निघाला तेव्हा मला हसू आवरेना. दहा वर्षं सेमिनरीत हा माणूस एका जागी बसणार कसा? पण बसला. पांढरा झगा घालून, तळहातांना तेल लावतात तो विधी झाला, त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो. झग्याच्या खाली टाच वर, खाली. मी काकीकडे बघितलं. ती रडत होती आणि डोळ्यांनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारत होती.

मी देव मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. इंजिनिअर आहे. समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर काम करतो, आणि ते पाणी प्रार्थनेने नव्हे, पंपाने गोडं होतं. ओमानमध्ये, मस्कतच्या अल् घुब्रात भाड्याचा फ्लॅट, बायको वैशाली, मुलगी देविका. दोन हजार अकराला प्रतापची बदली मस्कतला झाली, घालाच्या चर्चमध्ये, आणि तीस वर्षांनी ती पातळ भिंत पुन्हा माझ्या घरात आली.

शुक्रवारी इथे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते, कारण सुट्टी शुक्रवारची. तीन मिस्सा उरकून तो दुपारी दोनला आमच्याकडे जेवायला यायचा. बसला की टेबल हलायला लागायचं. टेबलाचा दोष नव्हता. त्या कोपऱ्यातली फरशी खचलेली, एक पाय अधांतरी, आणि त्यात याची टाच. वैशालीची आमटी वाटीतून ताटात, ताटातून टेबलावर.

"अहो भावजी, आधी हे टेबल तरी नीट करा," ती म्हणायची.

"पुढच्या शुक्रवारी, वहिनी. नक्की."

आमच्या घरातलं सगळं त्याने दुरुस्त केलं. मिक्सर, गीझर, देविकाची सायकल, बाथरूमचा तो नळ ज्यापुढे मी, पाण्याचा इंजिनिअर, हात टेकले होते. टेबल तेवढं राहिलं. पुढचा शुक्रवार तीन वर्षं पुढेच राहिला.

गुरुवारी संध्याकाळी तो माझी गाडी मागायचा. मागायचा म्हणजे खाली येऊन हॉर्न वाजवायचा. मग आम्ही मवालेहच्या भाजी मार्केटात. बाजार उठायच्या वेळेला तो व्यापाऱ्यांकडून उरलेले टोमॅटो, मऊ पडलेली वांगी, कोबीची वरची पानं अशा पेट्या गोळा करायचा. कुणी दहा रियाल मागितले तर दोन द्यायचा, कुणी तशाच देऊन टाकायचे. त्या पेट्या डिकीत घालून रुस्ताकच्या बाजूला, जिथे आपल्याकडचे, बांगलादेशचे, पाकिस्तानचे मजूर एकेका खोलीत दहा-दहा राहतात. तिथे हा भाजी उतरवायचा आणि त्यांचे कूलर उघडून बसायचा. देवाचं नाव नाही. मी एकदा चिडवलं, "काय रे, एवढं गिऱ्हाईक समोर बसलंय, धर्माचं काही सांगत नाहीस?"

"चर्चच्या कंपाउंडच्या बाहेर मी फक्त प्लंबर," तो म्हणाला. "इथला कायदा आहे, आणि चांगला आहे. पाना दे."

माझ्या गाडीला वर्षभर नासक्या टोमॅटोचा वास यायचा. मी त्याच्यावर ओरडायचो आणि पुढच्या गुरुवारी हॉर्नची वाट बघायचो. ते तेव्हा कळलं नाही.

दोन हजार चौदाला सीमेपलीकडे, येमेनमधल्या एका लहान गावातल्या महारोग्यांच्या घरातले म्हातारे फादर वारले. तिथे युद्धाची चिन्हं होती, जायला कुणी तयार नव्हतं. फादर लोकांच्या सभेत विचारलं, कोण जाईल? याने हात वर केला. शाळेतही उत्तर येत नसताना याचाच हात आधी वर जायचा. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. मग युद्ध सुरू झालं आणि फोन लागेनासा झाला, तेव्हा मी रोज नंबर फिरवायला लागलो.

दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात तो दाढेच्या उपचारासाठी आठ दिवस आला. सीमा ओलांडून, सलालाहून बारा तासांची बस करून. दार उघडलं तर मी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली. दाढ दोन दिवसांत निघाली, पण जेवण जाईना. दार वाजलं की दचकायचा. पाय तर असा हलायचा की खालच्या मजल्यावरच्या लोकांनी तक्रार करावी. सातव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, टेबलाशी बसून त्याने मला सांगितलं, "सत्या, मला परत जायचं नाही."

त्याने तिथलं थोडंसं सांगितलं. बंदुका घेऊन पोरं येतात. कधी औषधं नेतात, कधी डिझेल. मागच्या वेळी एकाने विचारलं होतं, हा क्रूसवाला अजून इथे कसा? पुढच्या वेळी दिसायला नको. सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. देविका शाळेतून आली, दप्तर खाली ठेवून तशीच उभी राहिली.

आणि मी? मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आतून उड्या मारल्या. भाऊ वाचला! तासाभरात त्याला गाडीत घातलं आणि माझ्या ओळखीच्या डॉक्टर आशुतोषकडे नेलं. ब्लड प्रेशर एकशे नव्वद. आशुतोषला काही खोटं लिहावं लागलं नाही. प्रवासाला आणि कष्टाच्या कामाला अनफिट, सही, शिक्का.

गल्फमधला माणूस 'अनफिट' शब्दाला साप दिसल्यासारखा घाबरतो. मेडिकलमध्ये तो शिक्का पडला की व्हिसा गेला, नोकरी गेली, खलास. लोक त्या रिपोर्टच्या आदल्या दिवशी उपास करतात. आणि हा माणूस तो कागद दोन्ही हातांत धरून गाडीत बसला होता. "उद्या वरिष्ठांना पाठवतो," म्हणाला. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. लवकर झोपला.

सकाळी सहाला मी ड्यूटीवर गेलो तेव्हा तो चहा पीत होता. संध्याकाळी परत आलो तर बॅग नाही. वैशाली म्हणाली, "चर्चला जातो म्हणाले. आणखी अर्धा कप चहा मागितला. भावजींनी कधी अर्धा कप मागितलाय?"

रात्री सलालाहून फोन आला. "सत्या, चाललो रे. रागावू नको."

मी डोक्यात राख घालून घेतली. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं. मी म्हणालो, "मर मग तिकडे!" आणि तो हसला. खरंच हसला, लहानपणी विहिरीत ढकलल्यावर हसायचा तसा. मग फोन कट झाला. त्याने केला की मी, ते मला अजून ठरवता येत नाही.

तीन दिवसांनी देविका गृहपाठ करता करता म्हणाली, "पप्पा, टेबल शेक नाही होत आता."

मी खाली वाकून बघितलं. अधांतरी पायाखाली घडीवर घडी घातलेला कागद. शिक्क्याची निळी कड बाहेर दिसत होती. आशुतोषचं सर्टिफिकेट. मी ते काढलं नाही. आधी रागाने. जानेवारीत ती बातमी आल्यानंतर, हिंमत होईना म्हणून.

बातमी एवढीच होती की बंदूकधारी आले आणि फादर प्रताप साळवे दारात मारले गेले. मी काकीला फोन केला. तिने एकच विचारलं, "तुझ्याकडून गेला तवा कसा व्हता?" मी म्हणालो, "हसत गेला, काकी. अजिबात घाबरला नव्हता." मनात म्हटलं, हसला तर होताच. एका हसण्यावर मी सगळं खोटं उभं केलं.

आणि ते वाढत गेलं. काकीने ते गावात सांगितलं, गावाने धर्मप्रांतात, थेट बिशपांपर्यंत. चर्चच्या सणाला तिला स्टेजवर बसवलं, माईक दिला. ऐंशीच्या घरातली बाई, "माझा लेक हसत गेला" म्हणाली आणि लोक उभे राहिले. मला व्हिडिओ आला. मी तो अर्धा बघून बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. दोन वर्षं असंच चाललं होतं. टेबल हलत नव्हतं, मी हलत होतो. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. वैशाली म्हणायची, "बसा हो एका जागी." बसवायचं नाही.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत फादर शांताराम आले. प्रतापच्याच धर्मप्रांतातले, आमच्या नगर जिल्ह्यातले, साठीचे, बारीक आवाजाचे. शुक्रवारी दुपारी चार वाजता त्याच टेबलाशी बसले. वही काढली, छापील प्रश्नांचा कागद काढला, छोटा रेकॉर्डर ठेवला.

"अधिकृत चौकशी मृत्यूनंतर पाच वर्षांनी सुरू होते," ते म्हणाले. "तोवर माणसं विसरतात, जातात. म्हणून आत्ताच साक्षी लिहून ठेवतोय. फादर प्रताप रक्तसाक्षी ठरतात का, म्हणजे श्रद्धेसाठी त्यांनी जीव दिला का, हे पुढे रोममध्ये बघतील. तुम्ही बौद्ध आहात, बायबलवर हात ठेवायला सांगणार नाही. खरं सांगाल एवढं म्हणा."

"खरं सांगेन," मी म्हणालो.

त्यांनी एक कागद पुढे केला. "ही खुदेजाबाईंची साक्ष. त्या घरातल्या रोगी, सत्तर वर्षांच्या. त्या वेळी खिडकीत होत्या. वाचतो. 'माणसं आली तेव्हा फादर दाराच्या बाकावर बसले होते. मागच्या दाराने आमच्यातले चालणारे लोक निघाले. फादरांचा पाय थरथरत होता. इतका की बाक वाजत होता. मी आतून ओरडले, तुम्हीही निघा. ते उठले नाहीत.'"

ते थांबले. मी खुर्चीतून उठलो होतो, कधी ते कळलं नाही.

"थरथरत नव्हता," मी ओरडलोच. "त्याला सवय होती! लहानपणापासून! बाईला काय माहीत? माझी काकी त्यासाठी चापट मारायची त्याला."

"म्हणजे ते घाबरले नव्हते?"

मी गॅलरीच्या दारापर्यंत गेलो, परत आलो.

"साळवे साहेब," फादर शांताराम हळू म्हणाले, "घाबरणं हा काही गुन्हा नाही. मला अडचण वेगळी आहे. काही लोक म्हणतात, ते तिथे अडकले होते. दाढेसाठी आले ते आठ दिवसांच्या परवानगीवर, परत जाणं भागच होतं; मग सीमा बंद, रस्ता बंद. निघता आलं असतं तर निघाले असते. अडकून मेलेल्या माणसाबद्दल आपण हळहळतो, पण त्याला रक्तसाक्षी म्हणता येत नाही. त्यांना निघायला वाट होती, आणि वाट असून ते परत गेले, असं सांगणारा एकही पुरावा माझ्याकडे नाही. त्यांच्या आई म्हणतात, हसत गेला. ते त्यांनी तुमच्याकडून ऐकलंय."

देविका आतल्या खोलीच्या दारात उभी होती. आता बारा वर्षांची. तिचं मराठी अडखळतं, पण त्या दिवशी अडखळलं नाही. "पप्पा, काका रडला होता. मी बघितलं होतं."

वैशालीने तिला आत नेलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मी रेकॉर्डर बंद करायला सांगितला आणि फोन घेऊन गॅलरीत गेलो. परक्या माणसाला सांगण्याआधी ज्या बाईशी खोटं बोललो तिला सांगायला हवं होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. काकीने फोन उचलला.

मी एका दमात बोललो. तो घाबरला होता. माझ्या टेबलाशी बसून रडला. मला जायचं नाही म्हणाला. मी डॉक्टरकडे नेलं, कागद काढला. आणि मग न सांगता गेला. मी त्याला मर म्हणालो, काकी. हेसुद्धा सांगितलं.

पलीकडे शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"मला ठावं व्हतं," काकी म्हणाली.

"काय?"

"तू कागद काढला त्या रातच्याला त्यानं मला फोन केला व्हता. म्हणाला, आई, नाताळला येतो, आता कायमचा. मी गोधडी धुतली. त्याची खोली सारवली. अन् मंग आलाच न्हाई." तिचा आवाज चिरला. "दोन वर्सं मी त्याच्यावर रागं भरलीय, सतीश. आईशी खोटं बोलून गेला म्हणून. लोकांना कसं सांगू, फादर असून आईला फसवलं त्यानं? तू म्हणला हसत गेला, तेच धरून बसले."

मी म्हणालो, "नाही काकी, खोटं नाही बोलला. फोन केला तेव्हा तो येणारच होता. कागद होता ना त्याच्या हातात. सकाळी त्याचं मन फिरलं. तिथे म्हातारी माणसं होती, ज्यांना हातपाय नाहीत."

"कागद नेला व्हता संगं?"

"नाही. इथेच आहे."

"कुठं?"

मला सांगायची लाज वाटली. "टेबलाच्या पायाखाली. टेबल हलायचं आमचं. त्याने घडी करून लावला जाताना."

मग तिच्या घशातून एक आवाज आला. आधी मला वाटलं रडतेय. हसत होती. रडतही होती. "असलाच व्हता मेला," ती म्हणाली. "हातचं काम टाकून जायचा न्हाई."

"काकी, फादर आलेत. साक्षी लिहून घेताहेत, त्यांना पुरावा हवाय. तो कागद देऊ का?"

"दे. घाबरत गेला म्हणून सांग. रडला ते पन सांग. समदं लिहून घेऊ दे त्यांना." मग नाक ओढून म्हणाली, "पन त्या जागी दुसरं काय तरी लाव बाबा. टेबल हलतं ठेवू नको. त्याला आवडायचं न्हाई."

मी आत आलो. फादर शांतारामांनी रेकॉर्डर सुरू केला. मी गुडघे टेकून टेबलाखाली गेलो. कागद फरशीला चिकटला होता. वैशालीने टेबल उचलून धरलं. मी तो सोडवला, घड्या उलगडल्या. कडा काळ्या झालेल्या, पण तारीख स्वच्छ होती, आणि शब्दही. फादरांनी तारीख वाचली, मग तो परत निघाल्याची तारीख वहीत बघितली. एका दिवसाचं अंतर. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

"आता सगळं सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. मंगळवारपासून ते त्या फोनपर्यंत, माझ्या शेवटच्या वाक्यासकट. बोलता बोलता चहा बशीत सांडायला लागला. मी खाली बघितलं. माझीच टाच होती.

फादर गेल्यावर मी टेबलाखाली कागद लावायला बसलो. आधी पाण्याचं बिल, मग देविकाच्या वहीचा पुठ्ठा, मग आशुतोषच्याच क्लिनिकचं पाकीट. या गोष्टीला आता दहा महिने झाले. दर शुक्रवारी मी एक नवी घडी घालून बघतो. टेबल अजून थोडं हलतंच. त्याच्यासारखी घडी मला जमत नाही.